पेटीतलं परकर-पोलकं

परवा आईची पत्र्याची पेटी आवरताना माझं लहानपणीचं परकर-पोलकं सापडलं. खणाचं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून आपल्याकडे खण येतो, तोच. आईने ते वाढत्या अंगाचं शिवलेलं. पोलक्याला आतून भरपूर माया, परकराला तीन दुमडी. दर दिवाळीला एक दुमड उसवायची, की परकर पुन्हा घोट्यापर्यंत.

सातवीत शेवटची दुमड उसवली. आजी म्हणाली, "पोर मोठी झाली, शाळा पुरे." आई म्हणाली, "परकर आखूड झालाय, शाळा नाही." अंडी विकून तिने मला गणवेश घेतला. मी बी.ए. झाले ती त्या अंड्यांवर.

मैत्रिणींनो, मुलीच्या गणवेशासाठी, पुस्तकांसाठी गटातून कर्ज मागायला लाजू नका. पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा.