फियाटचं इंजिन विकताना

घाटकोपरच्या बचत गटातून आम्ही बोलतोय. आजचा विषय आहे जुन्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स विकण्याचा. हे पुरुषांचं काम, असं तुम्हाला वाटेल. पण तुमच्याही दारात एखादी बंद जीप, रिक्षा नाहीतर ट्रॅक्टर उभा असेल. घरचा कर्ता माणूस गेला की ते विकायची वेळ बाईवरच येते, आणि दारात सगळ्यात आधी भंगारवाला येतो.

आमच्या गटातल्या एका ताईंवर ही वेळ आली. पतीची खासगी फियाट चाळीमागे उभी होती. कागदावर तिचं नाव प्रीमियर पद्मिनी, पण मुंबईत तिला सगळे फियाटच म्हणतात. ही गाडी आमच्या शेजारी कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची. पद्मिनी हे नाव तिला १९७४ साली मिळालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

गाडी बनायची थांबली, पण हौसेने फियाट सांभाळणारे लोक अजून आहेत. त्यांना चालू इंजिन हवं असतं. भंगारवाल्याने मात्र ताईंना अख्ख्या गाडीचा भाव किलोवर सांगितला. वर म्हणाला, "वहिनी, आजच उचलतो, कागदाचं नंतर बघू." मुलीची फी भरायची होती, म्हणून ताई कबूल व्हायच्या बेतात होत्या.

गटाच्या बैठकीत आम्ही आरसी बुक उघडून वाचलं. त्यात गाडीचा चेसिस नंबर असतो, तसाच इंजिनचा नंबरही असतो. तोच नंबर इंजिनवर ठोकलेला असतो. उद्या ते इंजिन भलत्याच गाडीत बसलं आणि त्या गाडीने काही गुन्हा केला, तर पोलीस नंबर शोधत आपल्या दारात येणार. "नंतर बघू" म्हणणाऱ्याचं नाव तर कुठेच नसतं.

म्हणून पहिलं काम कागदाचं. गाडीमालक वारला तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची. गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर ते फेडल्याचा दाखला घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा. गाडी कायमची मोडीत काढली तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची. इंजिन काढल्यावर सांगाडा कुठे द्यायचा, हेही आरटीओतच विचारून घ्या. आता त्यासाठी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं आहेत.

कागदाला वेळ लागतो आणि फी थांबत नाही. म्हणून गटाने ताईंना अंतर्गत कर्ज दिलं. गरजू माणसाला भाव करता येत नाही. फी भरली गेली, तेव्हा ताईंना भंगारवाल्याला "नको" म्हणता आलं.

दुसरं काम इंजिन तपासायचं. तेही गाडीतून काढण्याआधी. खाली उतरवलेलं इंजिन चालतं की नाही, हे बघून कळत नाही. मग त्याला लोखंडाचाच भाव मिळतो. आम्ही ओळखीच्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी नवी बॅटरी लावली, ऑइल आणि पाणी बघितलं आणि गाडी सुरू केली. निळा धूर आला तर इंजिन ऑइल खातंय असं समजायचं. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर आत पाणी शिरतंय. फियाटला चार सिलिंडर असतात. काकांनी गेज लावून प्रत्येकाचं कॉम्प्रेशन मोजलं आणि आम्ही चारही आकडे वहीत लिहिले. मग सगळे गिअर टाकून बघितले. गिअर निसटतो का, घरघर येते का, ते ऐकलं. गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा नव्हता. हे सगळं मोबाइलवर चित्रित करून ठेवलं, इंजिनच्या नंबरासकट.

तिसरं काम यादीचं. कार्बोरेटर, स्टार्टर, डायनॅमो, रेडिएटर, क्लच प्लेट. इंजिनबरोबर काय जाणार आणि काय नाही, ते आधीच लिहून ठेवा. नाहीतर "हे त्यातच धरलंय" म्हणून माणूस सगळंच उचलून नेतो. आणि काढलेलं काळं ऑइल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात भरून ठेवा.

ताईंचं इंजिन आणि गिअरबॉक्स बोरिवलीच्या एका फियाटवाल्याने घेतलं. भंगारवाला अख्ख्या गाडीचे जेवढे देत होता, त्याहून जास्त पैसे या दोनच वस्तूंचे आले. पावतीवर इंजिन नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या आहेत. घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत जोडली आहे आणि पैसे ताईंच्या बँक खात्यात जमा झाले. इंजिन आपल्या गाडीत बसवल्यावर त्याची नोंद आरटीओत करायची, हेही पावतीवर लिहून घेतलं. ताईंनी गटाचं कर्ज त्याच महिन्यात फेडलं.

मैत्रिणींनो, गावाकडे फियाट नसेल, पण ट्रॅक्टरच्या इंजिनालाही नंबर असतोच. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरच्या गाडीचं आरसी बुक घेऊन या. ते कोणाच्या नावावर आहे आणि त्यावर कर्ज आहे का, एवढं तरी एकत्र बसून वाचा.