कबड्डीचा संघ आणि आपण प्रेक्षक



वसंत व्याख्यानमालेत वेदान्तापासून कांद्याच्या भावापर्यंत सर्व विषय येऊन जातात. कबड्डीस मात्र व्यासपीठावर जागा मिळते ती बक्षीस-समारंभापुरती. पाहुणे खिलाडूवृत्तीवर चार वाक्ये बोलतात, ढाल कर्णधाराच्या हाती देतात आणि पुढच्या गावी निघून जातात. आज आम्ही खिलाडूवृत्तीवर बोलणार नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते हरलेल्या संघाविषयी, आणि त्याहूनही अधिक, संघ हरल्यावर आपण कळवणकर स्टँडावर, पारावर आणि बाजार समितीत ट्रॅक्टरांच्या रांगेत बसून जी चर्चा करतो तिच्याविषयी.

या चर्चेतील पात्रे ठरलेली आहेत. पहिला म्हणतो, निवडच चुकली. अमक्याला घ्यावयास हवे होते. दुसरा म्हणतो, निवड ठीक होती, पण कर्णधाराने भलत्या वेळी भलता गडी चढाईस धाडला. तिसऱ्याच्या मते प्रशिक्षकच बदलावयास हवा. चौथा फारसे बोलत नाही. तो नुसते हसतो आणि ‘वशिला’ एवढा एकच शब्द उच्चारतो. त्यावर सर्वांचे एकमत होते आणि चहा येतो. ही चर्चा वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या खेळावरून गाव भांडत नाही, तो खेळ त्या गावातून उठला असे खुशाल समजावे. आमची तक्रार इतकीच की ही सर्व चर्चा माडीवर चालते. खाली पाया कसा आहे हे पाहावयास जिना उतरून कोणी येत नाही.

उदाहरण फार लांबचे घेत नाही. 1990 साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डी आली, तेव्हापासून 2014 पर्यंत सात स्पर्धा झाल्या आणि पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने घेतली. स्त्रियांची स्पर्धा 2010 साली सुरू झाली. तीही दोन्ही वेळा आपणच जिंकली. मग 2018 चा ऑगस्ट उजाडला. जकार्ता येथे गटातच दक्षिण कोरियाने आपल्या पुरुषांना 24-23 असे एका गुणाने हरविले. 23 ऑगस्टला उपान्त्य सामन्यात इराणने 27-18 असे धुतले. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी आपल्या मुलींना 27-24 असे हरवून सुवर्ण नेले. दोन दिवसांत दोन्ही गाद्या गेल्या.

आणि त्या विजयी इराणी मुलींच्या प्रशिक्षक कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन!

त्या रात्री आपल्याकडे दोन तट पडले ते पुष्कळांस आठवत असेल. एक तट म्हणे, नाशिकची बाई जिंकली, पेढे वाटा. दुसरा म्हणे, घरचे विद्यापात्र परक्याच्या ओटीत रिते झाले, यात पेढे कसले? तिसराही एक लहानसा तट होता. त्याचे म्हणणे, या बाईंना भारताच्या संघाचे प्रशिक्षकपद कधी मिळाले नाही, त्याचे उत्तर आधी द्या. तिन्ही तटांचे म्हणणे आम्ही ऐकले आणि तिन्हींत काही ना काही तथ्य आहे. परंतु त्या सर्व गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही : बाईंनी त्या मुलींना शिकविले तरी काय?

त्यांनी सुमारे दीड वर्षात जे केले त्यातील जेवढे प्रसिद्ध झाले आहे तेवढे पाहा. त्या फारसी शिकल्या, कारण दुभाष्याच्या तोंडून पकड शिकविता येत नाही. आणि त्यांनी सरावात योगासने व प्राणायाम आणला. आता प्राणायाम म्हटल्यावर आपण मान डोलावतो आणि संस्कृतीचा विजय झाला म्हणून मोकळे होतो. तसे नव्हे. प्राणायाम येथे अध्यात्माकरिता नाही, दमाकरिता आहे. दम हे कबड्डीचे पहिले अक्षर. प्रतिपक्षाच्या अंगणात पाय पडण्यापूर्वी दम सुरू झाला पाहिजे, तो स्पष्ट ऐकू आला पाहिजे आणि मधे तुटता कामा नये. चढाई तीस सेकंदांची. धावत, वाकत, हूल देत, समोरच्या सात जणांवर नजर ठेवीत तीस सेकंद आवाज टिकवून पाहा. ज्याचा श्वास उथळ, त्याचे खांदे वीस सेकंदांनंतर वर चढू लागतात. छाती भात्यासारखी हलते. पाऊल जमिनीवर टेकण्याऐवजी आपटू लागते. पलीकडचा जाणता गडी नेमकी याच घटकेची वाट पाहत असतो. बाहेरून आपण म्हणतो, ‘ऐन वेळी धरला गेला.’ तो ऐन वेळी धरला गेलेला नसतो. तो दहा सेकंद आधीच थकलेला असतो.

म्हणजे जो धडा आपल्या प्रत्येक शाळेच्या मैदानावर पहिल्या दिवशी द्यावयाचा, तो घेऊन ते लोक आपल्यास भारी पडले. आणि हे काही एका रात्रीत घडलेले नाही. 2014 साली इंचॉन येथे आपण पुरुषांचा अंतिम सामना जिंकला तो कसा? इराणविरुद्धच, 27-25 असा. दोन गुणांचे ते सुवर्ण ही घंटा होती; आपण ती आरतीची समजलो.

आता पुरुषांकडे वळू. इराण हा कुस्तीचा देश. पाय कसा घ्यावा आणि घेतलेला पाय कसा सोडू नये, हे तेथल्या पोरांना कबड्डीचे नाव ऐकण्यापूर्वीच ठाऊक असते. त्यांचा फजल अत्राचली आपल्या यू मुंबा संघातून खेळला. पुढे त्याचा कर्णधारही झाला. त्याची जागा डाव्या कोपऱ्याची. दुसरा महंमदरझा शादलुई. 2023 च्या लिलावात पुणेरी पलटणने त्याच्यासाठी 2.35 कोटी रुपये मोजले आणि 2024 च्या मार्चमध्ये पलटणने विजेतेपद घेतले. तोही मुख्यतः पकडीचा गडी. व्यापारी माणसे पैसे कोठे टाकतात ते पाहावे. तेथे भावना नसते.

कोपऱ्यातल्या गड्याचे काम आपण नीट समजून घेतले तर हा सारा हिशेब उलगडतो. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदानरेषा पावणेचार मीटरवर असते. चढाई करणारा निदानरेषा ओलांडून आत आला, म्हणजे त्यास परतीला एवढेच अंतर कापावयाचे आहे. उंच गडी झेपावला तर दोन पावले आणि एक हात पुरे होतो. तेव्हा नुसता पाय धरून भागत नाही. पाय कोणत्या क्षणी धरला आणि धरल्यावर शेजारी किती लवकर आला, यावर सगळे आहे. कोपऱ्याने हातांकडे पाहिले की तो फसला, कारण हात खोटे बोलतात. अंगाचा भार ज्या पायावर आहे तो पाय खोटे बोलू शकत नाही. म्हणून नजर कमरेखाली, गुडघे वाकलेले, वजन पंजांवर. आणि गडी पाय रोवून वळू लागला की घोट्यावर झडप. त्याच निमिषात साखळीतला जोडीदार कमरेस. जोडीदाराने ‘धरला का’ हे पाहण्यात अर्धा सेकंद घालविला तर एकाऐवजी दोन गडी बाद. आपण बाहेर ओरडतो, ‘अरे, कशाला हात घातला!’ शिव्या खातो तो पहिला. चूक असते दुसऱ्याची.

येथे आम्हांस एका गोष्टीचे नवल वाटते. आपल्या कसमादे पट्ट्यातला हाच प्रेक्षक यात्रेतल्या कुस्तीच्या फडापाशी किती शहाणा असतो! पट कोठून निघाला, हप्ता कसा भरला, खालच्या मल्लाने कोपर का मिटले, हे फेटेवाले म्हातारे शेजारच्या पोरास हळू आवाजात सांगत असतात. नुसत्या उंच उचलून फेकण्याला ते भुलत नाहीत. तोच म्हातारा आणि तोच पोरगा कबड्डीच्या मैदानाशी आले की दोघेही एकदम बाळबोध होतात. चढाई झाली की शिट्टी, गुण आला की टाळी. कोपऱ्यात जो सबंध सामना वाकून उभा आहे त्याच्याकडे कोणी पाहत नाही. परिणाम उघड आहे. बारा वर्षांचा मुलगा मूर्ख नसतो. टाळी कोठे पडते ते त्याला कळते. मग गावातील दहा मुलांपैकी नऊ चढाईच शिकतात, आणि दहावा, ज्यास चढाईत कोणी घेत नाही, तो कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. संघाची निवड समिती पुढे कधीतरी बसते. खरी निवड आपण येथे, आपल्या टाळ्यांनी, आधीच करून ठेवलेली असते.

जानेवारी 2018 मध्ये हैदराबाद येथे महाराष्ट्राच्या पुरुषांनी सेनादलास 34-29 असे हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, अकरा वर्षांनी. कर्णधार रिशांक देवाडिगा हे नाव आपल्या पोरांच्या तोंडी होते आणि ते योग्यच होते. पण त्या संघात पकडीची बाजू सांभाळणारा गिरीश इर्नाक किती जणांस आठवतो? टपरीवर विचारून पाहावे. दोघेही त्याच वर्षी जकार्त्यास गेले होते, ही आणखी एक ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट. महाराष्ट्रास जानेवारीत जिंकून देणारे गडी ऑगस्टमध्ये निरुपयोगी झाले असे कोणी म्हणेल काय? तरीही आपण म्हटलेच.

प्रशिक्षक बदला, ही हाक सर्वांत सोपी. आम्ही प्रशिक्षकांची वकिली करीत नाही; त्यांच्यातही नुसती शिट्टी वाजविणारे पुष्कळ. पण शिबिर असते तीन आठवड्यांचे, आणि चुकीचा पवित्रा मुरलेला असतो दहा वर्षांचा. टाच टेकवून उभे राहण्याची सवय बाराव्या वर्षी लागली की बाविसाव्या वर्षी ती मोडणे म्हणजे वाळलेला बांबू वाकविणे. तेव्हा ज्यास बदलावयाचे तो प्रशिक्षक राष्ट्रीय संघाचा नसून आपल्या शाळेतला आहे. आणि त्यासही बदलावयाचे नसून त्यास वेळ द्यावयाचा आहे. क्रीडाशिक्षकाकडे वर्गशिक्षकाची रजा भरून काढण्यापासून सर्व कामे असतात, मैदान तेवढे राहते. पालकसभेत गुणपत्रिकेविषयी आपण तासभर बोलतो. मैदान आखलेले आहे काय, हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात?

आपल्या तालुक्याच्या पश्चिमेस डोंगर आहे आणि त्या डोंगरात पाय आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांतले पाय काय करू शकतात हे सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूला आशियाई रौप्य घेऊन दाखविले आहे. आश्रमशाळेतल्या मुलामुलींचा दम आपल्या शहरी मुलांहून उपजतच मोठा. सप्तशृंगीचा गड पायी चढताना तो कोणासही दिसेल. परंतु सरळ धावणारा पाय आणि चौदा दिशांनी फसविणारा पाय यांत अंतर आहे, आणि ते अंतर शिकवल्यावाचून मिटत नाही. उपजत गुणांच्या कौतुकावर आपण इतके संतुष्ट असतो की शिकविण्याचे राहूनच जाते.

शेवटी एक नियमाची गोष्ट. हांगझोऊ येथे ऑक्टोबर 2023 मध्ये दोन्ही सुवर्णे परत आली. मुलींनी चिनी तैपेईस 26-25 असे एका गुणाने हरविले आणि पुरुषांनी इराणला 33-29 असे. पुरुषांचा सामना 28-28 असा असताना आपला कर्णधार पवन सेहरावत कोणासही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे गडीही त्या पट्ट्यात उतरले. स्पर्श होईपर्यंत तो पट्टा मैदानाचा भाग नसतो. मग बाद कोण, एकटा चढाई करणारा की त्याच्यामागे गेलेलेही? जुना नियम लावावा की नवा, यावर खेळ बराच वेळ थांबला. दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले. आपल्या स्टँडावर त्या दिवशी जो वाद झाला त्यात आम्हीही उभे होतो. देशाभिमान दोन्ही बाजूंनी पुष्कळ होता. नियमाची पुस्तिका कोणी वाचली आहे काय, असे एकाने विचारले तेव्हा सर्वांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की बिचाऱ्याने स्वतःचा चहाही अर्धा टाकला. त्या गृहस्थांस आम्ही आज निमंत्रण धाडले होते. ते आले असतील तर त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. पुस्तिका आम्ही बरोबर आणली आहे.