सामाजिक शास्त्रे : अभ्यासक्रम कोणत्या गावाचा?

(कुडाळ येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणावरून)



पहिली ते आठवीच्या सामाजिक शास्त्रांचा अभ्यासक्रम कसा आखावा, हा विषय आपण मला दिलात. हा प्रश्न पुण्यात सुटतो, आपण फक्त धडे पुरे करावयाचे, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. तिला मला धक्का द्यावयाचा आहे.

बालभारतीची स्थापना २७ जानेवारी १९६७ ची. राज्यातील सर्व मुलांच्या हाती स्वस्त आणि एकसारखे पुस्तक पडावे, हा हेतू समतेचाच होता व त्याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु पुस्तक एकसारखे झाले म्हणून प्रश्नही एकसारखे होतात असे नव्हे.

भूगोलाचा जुना क्रम आपणांस पाठ आहे : तिसरीत जिल्हा, चौथीत महाराष्ट्र, पाचवीत भारत, पुढे जग. पाण्यात खडा टाकावा आणि वलये पसरत जावीत, तसा. पुस्तके बदलली तरी विचाराची ही घडी पुरती मोडलेली नाही. पण कुडाळच्या मुलाचे जग असे वलयावलयाने वाढते काय? आजोबा १९८२ च्या संपानंतर गिरणी सोडून गावी आलेले, वडील गोव्यात कामाला, काका आखातात. जिल्ह्याचे नाव कळण्यापूर्वी त्याला मुंबई कळलेली असते. वाशीच्या बाजारात आंब्याचा भाव पडला की त्याच्या घरातले बोलणे बदलते. या मुलाला आधी नद्यांची नावे पाठ कर, बाहेरचे जग नंतर येईल, असे सांगणे म्हणजे त्याला ठाऊक असलेले वर्गाच्या दाराबाहेर ठेवावयास लावणे होय.

बरे, तो जिल्हा तरी कोठला? सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. त्याही मागे गेले तर कुडाळ सावंतवाडी संस्थानात, आणि मालवण व वेंगुर्ले इंग्रजांच्या मुलखात. सीमा माणसे आखतात आणि माणसेच पुसतात, ही गोष्ट तिसरीच्या मुलाला आजीच्या आठवणींतून सहज कळेल. नकाशात रंग भरून ती कळत नाही.

इतिहासाचे दुखणे निराळे आहे. चौथीत शिवचरित्र, १९७० पासून पिढ्यान्‌पिढ्या ते वाचत आल्या आणि ते आवडीने वाचले जाते. पुढे पाचवीत आदिमानव, सहावीत प्राचीन, सातवीत मध्ययुग, आठवीत आधुनिक काळ. गाडी एकदा स्थानकावरून सुटली की पुन्हा त्या स्थानकावर येत नाही! सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली, हे मूल नवव्या वर्षी शिकते. दगड कोणी वाहिले, चुना कोणी भाजला, त्यांना मोबदला काय मिळाला, हे विचारण्याची बुद्धी त्याला बाराव्या वर्षी येते. तेव्हा तो धडा मागे पडलेला असतो.

ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० साली असे मांडले की, विषयाचे मूळ प्रश्न लहान वयातच प्रामाणिकपणे शिकवता येतात. मात्र पुढे पुन्हापुन्हा त्यांच्याकडे अधिक खोल जाऊन परतले पाहिजे. मला ही मांडणी मान्य आहे. जमीन कोणाची, पाणी कोणाचे, काम कोण करतो, निर्णय कोण घेतो, हे आपले मूळ प्रश्न असोत.

जमिनीचेच पाहा. दुसरीत भाताची लावणी : कोण कोणाच्या कुणग्यात राबतो. पाचवीत सातबारा वाचावा. सातवीत खोती : डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडलेले विधेयक, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. आठवीत आंबोली, गेळे, चौकुळचा कबुलायतदार गावकर प्रश्न. मग नागरिकशास्त्र वेगळे शिकवावे लागणार नाही.

येथे आपल्या मनातली भीती मला दिसते. एकाच बाकावर मालकाचे आणि कुळाचे मूल बसलेले असते. संध्याकाळी दोघांचे पालक शिक्षकाला जाब विचारतील. ही भीती खोटी नाही, आणि धीर धरा एवढे सांगून ती जाणारही नाही. म्हणून कोणाच्याही घरचा उतारा फळ्यावर लिहू नये. शाळा ज्या जागेवर उभी आहे तिचा उतारा काढावा. जागा कोणी दिली, कधी दिली, नोंद कोणाच्या नावे आहे, यातच निम्मा अभ्यासक्रम सापडेल. जातीविषयी बोलतानाही असाच विवेक हवा. पण विवेक म्हणजे मौन नव्हे. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी आणि बाहुल्या आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. त्या कलावंतांची उपजीविका पूर्वी कशी चाले, गावात त्यांचे स्थान कोणते होते, हे मुलांनी त्यांनाच विचारावे.

असे प्रयोग टिकतात काय? मध्य प्रदेशात ‘एकलव्य’ने १९८० च्या दशकात सरकारी शाळांतील शिक्षकांना बरोबर घेऊन सहावी ते आठवीची सामाजिक शास्त्रे नव्याने लिहिली. २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला. चांगली पुस्तके एकट्याने उभी राहत नाहीत. त्यांच्यामागे गाव लागतो.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सातवीच्या मुलांना मागच्या रांगेत बसवा. कोण बोलले, कोण गप्प राहिले, स्त्रिया किती होत्या, कोणता ठराव चर्चेविना झाला, एवढे त्यांना वहीत टिपू द्या. कुडाळ शहरात तर ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. तिथल्या मुलांनी त्या बदलाने घरपट्टीत आणि पाण्यात काय फरक पडला ते घरोघर विचारावे. दिवाळीनंतर आपण पुन्हा जमू तेव्हा या वह्या घेऊन या. पुढच्या वर्षाची आखणी त्यांच्यावरून करू.