आधी माती, मग मंडप

(वास्तुरचना आणि भूदृश्यरचना या क्षेत्रांतील व्यावसायिकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

उद्योग उठून गेलेल्या किनाऱ्यावर लोकांनी मिळून बाग करावी, त्या बागकामातून आजारी, थकलेल्या आणि एकट्या पडलेल्या माणसांना आधार मिळावा आणि या कामासाठी तेथे एक मंडप उभा राहावा, तर तो कसा असावा, हा प्रश्न या परिषदेने चर्चेसाठी घेतला आहे. प्रश्न मंडपाचा असला तरी त्याचे उत्तर छपरापासून सुरू करता येत नाही, असे या भाषणाचे प्रतिपादन आहे. अशा जागी पहिला विचार मातीचा, मग पाण्याचा, त्यानंतर बाग सांभाळणाऱ्या माणसाचा आणि सर्वांत शेवटी छपराचा करावा लागतो. प्रत्यक्षातील वहिवाट मात्र बहुधा उलटी असते, म्हणजे स्पर्धा छपराची लावली जाते आणि माती ठेकेदारावर सोपवली जाते.

विवेचन हवेत राहू नये म्हणून मुंबईचा पूर्व किनारा समोर ठेवणे योग्य ठरेल. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाल्यावर या किनाऱ्यावर १८८० मध्ये प्रिन्सेस, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा, अशा गोद्या क्रमाने बांधल्या गेल्या, तर उत्तरेकडे माझगावपासून शिवडीपर्यंत खाजणे आणि चिखलपट्टे भरून बंदरांची, वखारींची आणि रेल्वेमार्गांची जमीन तयार करण्यात आली. हे बंदर विसाव्या शतकाचा बराच काळ देशाच्या व्यापाराचे दार होते. परंतु माल कंटेनरांतून येऊ लागला, १९८९ मध्ये पलीकडच्या तीरावर न्हावाशेवा येथे नवे बंदर सुरू झाले आणि जुन्या गोद्यांचे काम ओसरत गेले. कॉटन ग्रीनच्या वखारी, हाजी बंदर, दारूखाना, कौला बंदर ही नावे आजही नकाशावर आहेत, आणि बंदराच्या सुमारे १,८०० एकर जमिनीचे काय करावे याचे आराखडे गेली अनेक वर्षे निघत आहेत. या आराखड्यांच्या चित्रांत जमीन नेहमी हिरवी आणि मोकळी दिसते. वस्तुतः भरावाच्या जमिनीच्या पोटात तिच्यावर चाललेला धंदा साचून राहिलेला असतो.

दारूखान्याच्या किनाऱ्यावर जहाजे भरतीच्या पाण्यावर आत घेऊन ओहोटीत चिखलावर बसवायची आणि गॅस कटरने तोडायची, हा व्यवसाय दीर्घकाळ चालत आला. जुन्या जहाजांच्या रंगात शिसे असते, नळ्यांच्या वेष्टनात अॅस्बेस्टॉस असतो, टाक्यांत तेलाचा गाळ असतो आणि तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून दिलेल्या रंगात कथिलाची अशी संयुगे असत की २००८ मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने ती निषिद्ध ठरली. यांपैकी तेल जिवाणूंच्या साहाय्याने हळूहळू विघटित होते. शिसे मात्र मूलद्रव्य असल्याने नष्ट होत नाही, आणि ते मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसत असल्यामुळे वनस्पतींकरवी माती शुद्ध करण्याची पद्धत त्याच्या बाबतीत फार तोकडी पडते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी जमिनीतील शिशाची तपासणी-पातळी २०२४ मध्ये दशलक्ष भागांत ४०० वरून २०० भागांवर आणली, त्यामागे लहान मुलांच्या पोटात जाणाऱ्या धुळीची चिंता होती. भाजीतून येणाऱ्या शिशापेक्षा हाताला आणि नखांना लागलेल्या मातीतून येणारे शिसे बहुधा अधिक असते, ही बाब बाग आखणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावयाची आहे.

येथेच या विषयातील खरा पेच उभा राहतो. बागकामाच्या उपचाराला हात मातीत घातल्याशिवाय अर्थ नाही आणि अशा जागेची पहिली अट अशी की तिच्या मातीत कोणी हात घालू नये.

हा पेच इतरत्र कसा हाताळला गेला, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील सिअॅटल येथे लेक युनियनच्या काठावरचा गॅस कारखाना १९५६ मध्ये बंद पडला, आणि रिचर्ड हाग यांनी त्याचे मनोरे न पाडता तेथे उद्यान केले, जे १९७५ मध्ये खुले झाले. बॉयलरघर सहलीला येणाऱ्यांसाठी निवारा झाले आणि दाबयंत्रांची इमारत मुलांच्या खेळासाठी देण्यात आली. मातीत सेंद्रिय द्रव्ये मिसळून जिवाणूंकरवी तेल जिरवण्याचा हाग यांचा प्रयोग त्या काळी धाडसी होता. तरीही १९८४ मध्ये मातीतील विषारी द्रव्यांच्या शंकेने उद्यान काही काळ बंद ठेवावे लागले. अॅमस्टरडॅमच्या उत्तर भागातील डी क्यूव्हेल या जुन्या जहाजदुरुस्तीच्या जागेवर याहून सावध मार्ग घेतला गेला. पालिकेने ती जागा १० वर्षांच्या कराराने दिली, निकामी हाउसबोटी जमिनीवर आणून त्यांत कार्यालये थाटण्यात आली, त्यांना जोडणारी लाकडी पायवाट जमिनीपासून उचलून घेतली गेली आणि खालच्या मातीत दूषित द्रव्ये शोषून घेणारी झाडे लावली गेली. २०१४ मध्ये खुल्या झालेल्या या जागेत माणूस मातीवरून चालतो, मातीत उतरत नाही. कार्यालयांसाठी एवढे पुरेसे आहे, उपचारबागेसाठी नाही. मुंबईतच मिठी नदीकाठच्या कचराभूमीवर उभे राहून १९९४ मध्ये खुले झालेले, सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे टाकून दिलेल्या जमिनीवर रान उभे राहू शकते याचे घरचे उदाहरण होय. पण रान वाढवणे आणि ताटातली भाजी वाढवणे या दोन गोष्टींना मातीची कसोटी एकच लावता येत नाही.

म्हणून अशा जागी दोन माती मानाव्या लागतात. खालची माती बंद करायची: तिच्यावर पाणी जाऊ देणारे पण माती वर येऊ न देणारे, सहज ओळखू येईल अशा भडक रंगाचे भूवस्त्र अंथरायचे, म्हणजे पुढे कधी कोणी खणले तर त्याला तेथेच थांबण्याची खूण मिळेल, आणि त्यावर स्वच्छ भरावाचा थर द्यायचा. वरची माती वाफ्यांत स्वतंत्रपणे तयार करायची. ही दुसरी माती रायगड किंवा ठाणे जिल्ह्यातल्या डोंगरउतारावरून ट्रकने आणलेली तांबडी माती असू नये, कारण एका जागेचा घाव भरण्यासाठी दुसरीकडची जमीन खरवडण्यात शहाणपण नाही. पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ पासून स्वयंपाकातला ओला कचरा, पालापाचोळा आणि उसाची चिपाडे यांच्यापासून माती करून भाज्या आणि फळझाडे वाढवली गेली. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या विचारातून आलेली ही पद्धत बंदराच्याच आवारात रुजली होती. त्यामुळे पूर्व किनाऱ्यासाठी मातीचे तंत्र बाहेरून आणण्याची गरज नाही. शिवाय माती तयार करणे हाच उपचाराचा पहिला धडा होऊ शकतो.

उपचार या शब्दाविषयीही काटेकोर राहणे आवश्यक आहे. उद्यानोपचार म्हणजे प्रशिक्षित उपचारकाने एखाद्या व्यक्तीसाठी उद्दिष्ट ठरवून, म्हणजे पक्षाघातानंतर बोटांची पकड परत यावी किंवा दीर्घ नैराश्यानंतर दिवसाला क्रम यावा अशा हेतूने, योजलेले आणि नोंदींनी तपासलेले बागकाम होय. केवळ बागेत बसून बरे वाटणे ही चांगली गोष्ट असली तरी तिला उद्यानोपचार म्हणता येत नाही. रॉजर उलरिच यांचा १९८४ मधील प्रसिद्ध अभ्यास या संदर्भात वारंवार पुढे केला जातो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणाऱ्या २३ रुग्णांचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी ७.९६ दिवसांचा, तर विटांची भिंत दिसणाऱ्या २३ रुग्णांचा ८.७० दिवसांचा होता, एवढाच त्याचा मुक्कामाविषयीचा निष्कर्ष. तो दृश्याविषयी आहे, खुरपे हातात घेण्याविषयी नाही, हे सादरीकरणाच्या उत्साहात विसरले जाते. २०१७ मध्ये बागकामावरील २२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि त्यात नैराश्य, चिंता, शरीरभार, जीवनाविषयीचे समाधान अशा अनेक बाबींत अनुकूल परिणाम दिसले. हा पुरावा आशादायक असला तरी बागेने औषधाची जागा घ्यावी असे म्हणण्याइतका तो भक्कम नाही.

भारतात गरज किती मोठी आहे, हे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवले आहे: सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. शिवडी-परळच्या परिसराला या कामाची पूर्वपीठिकाही आहे. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय पूर्व किनाऱ्यापासून जवळ आहे, आणि परळच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे, म्हणजे हेतुपूर्ण कामाच्या साहाय्याने क्षमता परत मिळवून देण्याच्या शास्त्राचे, शिक्षण सुरू केले. मात्र मनोरुग्णालयांच्या शेतांवर रुग्णांकडून फुकट काम करून घेण्याचा इतिहास जगभर आहे, आणि म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कामाची सक्ती करू नये व काम घेतल्यास योग्य मोबदला द्यावा, असे सांगितले आहे. बागेतील भाजी विकली जाणार असेल, तर तिच्या पैशाचा हिशेब आराखड्याच्या वेळीच ठरला पाहिजे.

आता मंडपाकडे वळता येईल. शिवडीच्या बाजूला मोठ्या भरतीच्या वेळी पाऊस आला तर गटारांचे पाणी समुद्रात जात नाही, म्हणून जोते उंच हवे. भूजल खारट आणि संशयास्पद, म्हणून पावसाच्या पाण्याची टाकी जमिनीखाली नको. आणि खांबांचे खोल पाये दूषित थर भेदून खालच्या पाण्याला वाट करून देऊ शकतात, म्हणून पसरट, तरंगता पाया बरा. या तिन्ही अटी एकत्र पाहिल्या की उत्तर बरेचसे आपोआप सुचते: जोते हीच टाकी करावी. २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद छपरावर वर्षाला २,२०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी साडेतीन लाख लिटर पाणी मिळते. १०० चौरस मीटर वाफ्यांना चौरस मीटरमागे रोज ५ लिटर याप्रमाणे ऑक्टोबर ते मे या कोरड्या काळातील २४० दिवसांसाठी १ लाख २० हजार लिटर लागतात. आणि आतून ६० सेंटिमीटर खोलीचे तेवढ्याच लांबी-रुंदीचे जोते नेमके तेवढेच पाणी साठवते. डासांना वाव राहू नये इतकी ती टाकी घट्ट झाकलेली असावी, हे मुंबईत वेगळे सांगण्याची गरज नसावी. वरच्या लादीसह ७५ सेंटिमीटर उंची गाठण्यासाठी १ : १२ या उताराने ९ मीटरची उतरण लागते, आणि ती मागच्या बाजूला लपवण्याऐवजी सर्वांच्या ये-जा करण्याची मुख्य वाट झाली पाहिजे.

छपराच्या बाबतीत एक चूक सहज होऊ शकते. पश्चिम किनाऱ्याच्या सवयीने मंडप समुद्राकडे पाठ करून पावसापासून वाचवला जातो. पूर्व किनाऱ्यावर पावसाळी वारा शहराच्या बाजूने येतो आणि समुद्राकडून येते ते सकाळचे ऊन व पाण्यावरची तिरीप. म्हणून नैर्ऋत्येला भिंत आणि पूर्वेला खाली उतरलेली पागोळी, असा मंडप येथे हवा. जुन्या वखारीची लोखंडी कैची वापरता आली तर उत्तमच, पण तिच्यावरचा शिसेयुक्त रंग कोरडा खरवडला तर ज्याच्यापासून सुटका हवी तेच हवेत उडेल. पत्र्याऐवजी मंगलोरी कौले निवडण्याचे कारण केवळ सौंदर्याचे नाही: जुलैच्या सरीत पत्र्याखाली बोलणे ऐकू येत नाही आणि चिंताविकाराने ग्रासलेल्या माणसाला तो आवाज असह्य होतो.

वाफे चाकाच्या खुर्चीतून पोहोचता येतील असे, एका बाजूने ६० आणि दोन्ही बाजूंनी १२० सेंटिमीटरपेक्षा अधिक रुंद नसलेले, आणि निदान काही वाफे गुडघे आत जातील असे टेबलासारखे असावेत. दोडका, पडवळ, कारली यांचा मांडव पूर्वेच्या पडवीला जोडला की उन्हाळ्यात सावली आणि पावसाळ्यात काम, दोन्ही मिळतात. गवती चहा, मरवा, पुदिना, तुळस हातांना वास देतात. वाऱ्याच्या तोंडावर खारी हवा सोसणारी उंडी, भेंड आणि करंज लावावीत. कण्हेर शहराच्या रस्त्यांवर सर्रास दिसते, पण स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याचा धोका असलेल्या माणसांच्या बागेत तिला, धोतऱ्याला आणि गुंजेला स्थान नाही. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असल्याने गमबूट आणि हातमोजे ही झारीइतकीच आवश्यक सामग्री समजावी, आणि हात धुण्याची जागा दाराशीच असावी.

यापुढचा मुद्दा अधिक अवघड आहे. कौला बंदरच्या वस्तीत अधिकृत नळ नसल्याने लोक खाजगी नळीवाल्यांकडून महाग पाणी विकत घेत आल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. ज्यांच्या घरात पिण्याचे पाणी विकतचे, त्यांच्या शेजारी फुलझाडांना पालिकेचा नळ देणारी बाग कितीही सुंदर असली तरी ती अन्यायाचे प्रदर्शन ठरेल. म्हणून बागेने पावसाचे पाणी वापरावे, आणि पालिकेची जी जोडणी मंजूर होईल तिच्यावरचा पहिला नळ पिण्याच्या पाण्याचा आणि वस्तीला खुला असावा. बंदरावर राबलेल्या पिढ्यांपैकी अनेकांचे कोकणात आणि घाटावर परसबागेशी नाते होते. त्यांना शिकवण्यापेक्षा त्यांच्याकडून शिकण्याची तरतूद व्यवस्थापन समितीच्या रचनेत करता येईल. किनारा सुशोभित झाला की वस्ती हटवायची, हा क्रम अनेक शहरांनी पाहिला आहे, आणि उपचाराच्या नावाने उभ्या राहिलेल्या वास्तूने त्याला हातभार लावणे शोभणारे नाही.

या परिषदेपुढे म्हणून तीन सूचना ठेवल्या जात आहेत. अशा जागेसाठी कोणतीही रचनास्पर्धा जाहीर करण्यापूर्वी मातीच्या तपासणीचा अहवाल मराठीत आणि हिंदीत सार्वजनिक करावा, अशी मागणी परिषदेने ठरावाद्वारे करावी; प्रकल्पखर्चात किमान १० वर्षांसाठी दोन माळी आणि एक व्यवसायोपचारक यांचे वेतन धरलेले नसेल, तर तो आराखडा अपूर्ण मानावा; आणि वस्तीच्या प्रतिनिधींची सही नसलेल्या आराखड्यावर परिषदेच्या कोणत्याही सभासदाने परीक्षक म्हणून बसू नये. पहिल्या दोन सूचनांवर मतभेद फारसा नसावा. तिसरीवर तो होईल, आणि तिच्यावरच सर्वांत आधी मतदान घ्यावे, ही सभागृहाला विनंती आहे.