घट्ट बसलेला नळ आणि धरणारा हात



आज आपण नळाबद्दल बोलणार आहोत. भिंतीवर टांगलेल्या बेसिनचा नळ गळायला लागतो. आतला स्पिंडल बदलायचा असतो, पण तो जागचा हलत नाही. तालुक्याहून प्लंबर येईपर्यंत चार दिवस जातात. तोवर आपण नळाला चिंधी बांधतो आणि खाली बादली ठेवतो.

आधी गळतं किती ते मोजा. नळाखाली लिटरचं माप ठेवा आणि घड्याळ बघा. तासाभरात माप भरलं, तर दिवसाला २४ लिटर पाणी गेलं. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी रोजचं ५५ लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे एक गळका नळ जवळजवळ अर्ध्या माणसाचं पाणी पितो.

स्पिंडल म्हणजे मूठ फिरवल्यावर आत फिरणारा पितळी तुकडा. कुणी त्याला कार्ट्रिज म्हणतं. जुन्या नळात त्याच्या टोकाला रबरी वायसर असतो. पाव वळशात उघडणाऱ्या नव्या नळात चिनी मातीसारख्या कडक दोन चकत्या असतात. वायसर झिजला किंवा चकत्यांत रेतीचा कण अडकला, की नळ गळतो.

तो घट्ट का बसतो? बोअरचं पाणी जड असतं. पाणी तापवायच्या पातेल्याला जो पांढरा थर चढतो, तोच क्षार नळाच्या आट्यांत साचतो. त्यात पितळही थोडं गंजतं. दोन्ही मिळून आटे डिंकाने चिकटवल्यासारखे होतात.

अशा वेळी आपण एकच पाना लावतो आणि जोर करतो. नुकसान होतं ते इथंच. भिंतीतून आलेला नळ असेल, तर जोर आतल्या पाइपावर जातो. पाइप गिलाव्याच्या आत तडकला, की शंभर-दोनशेच्या कामासाठी भिंत फोडावी लागते. नळ बेसिनवर बसवलेला असेल, तर बेसिनच तडकतं नाहीतर भिंतीतून सैल होतं. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फिरवणाऱ्या हातापेक्षा धरणारा हात महत्त्वाचा. एका पान्याने नळाचं अंग धरायचं आणि दुसऱ्याने स्पिंडल फिरवायचा. एकटीला जमत नसेल, तर दोघींनी मिळून करायचं.

आता क्रमाने बघू.

पहिलं, पाणी बंद करा. बेसिनखालचा कॉक किंवा टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडा आणि उरलेलं पाणी जाऊ द्या. बेसिनच्या भोकात फडकं कोंबा, नाहीतर स्क्रू थेट मोरीत जाईल.

दुसरं, मूठ काढा. मुठीवरची छोटी टोपी चाकूच्या टोकाने हळूच उचला. खाली स्क्रू दिसेल. तो काढून मूठ सरळ वर ओढा. मग वरचं चकचकीत झाकण हाताने फिरवून काढा. आता स्पिंडलचा षटकोनी भाग दिसेल.

तिसरं, भिजवा. फडकं व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून सांध्याभोवती गुंडाळा. वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधा. अर्धा-पाऊण तास थांबा, मग जुन्या दातांच्या ब्रशने घासून धुऊन टाका. संडास धुण्याचं ॲसिड मात्र वापरू नका. त्याने नळाची चकाकी जाते आणि डोळ्यांची आग होते. त्यात टीसीएल किंवा ब्लीच मिसळलं, तर विषारी वायू निघतो.

चौथं, शेक द्या. कढत पाण्यात बुडवलेलं फडकं चिमट्याने उचलून नळाच्या अंगावर दोन-तीन वेळा ठेवा. गरम झालं की पितळ किंचित फुगतं आणि क्षाराची पकड सुटते. मेणबत्ती किंवा गॅसची ज्योत लावायची नाही. आतलं रबर जळतं आणि प्लॅस्टिकचा पाइप वितळतो.

पाचवं, दोन पाने लावा. नळाच्या अंगावर फडकं ठेवून एक पाना घट्ट धरा. दुसरा पाना स्पिंडलवर नीट बसवा. आधी केसभर घट्ट करायच्या बाजूला, मग घड्याळाच्या काट्यांच्या उलट. असं मागं-पुढं करत जा. करकर ऐकू आली, की समजा आटे सुटले. नाहीच हललं, तर पुन्हा भिजवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पुन्हा बघा.

स्पिंडल निघाला, की तो आणि मूठ दोन्ही घेऊन दुकानात जा. स्पिंडलवरचे दाते सगळ्या नळांचे सारखे नसतात. काही डावीकडे उघडतात, काही उजवीकडे. नुसतं तोंडी सांगितलं, तर दुसरी फेरी ठरलेलीच. नवा बसवण्याआधी आतली जागा पुसून क्षार काढा. पहिले दोन-तीन वळसे नुसत्या बोटांनीच द्या. आटे सरळ बसले, की मग पाना लावा, तोही बेताने. शेवटी नळ थोडा उघडा ठेवून पाणी हळूहळू सोडा, म्हणजे आतली हवा निघून जाते.

कुठं थांबायचं हेही सांगतो. भिंतीला ओल दिसली, नळाबरोबर पाइपही फिरतोय असं हाताला जाणवलं, बेसिन हललं किंवा षटकोनाचे कोपरे घासून गोल झाले, तर हात थांबवा आणि प्लंबरला बोलवा. तिथं थांबणं म्हणजे हार नव्हे, भिंत वाचवणं आहे.

हे काम पुरुषांचं, असं आपण ऐकत आलो. पण त्यात लागतं ते आपल्याला रोज लागतंच. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण आपण कोमट पाण्यात धरूनच उघडतो ना? गावाच्या पाणी समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तिथं बसणारीला नळाचं पोट ठाऊक असलं, की तिचं बोलणंही नेमकं होतं.

आमचं सांगणं एवढंच, प्रत्येक गटाने एक पेटी करावी. दोन स्क्रू पाने, एक पेचकस, जुना ब्रश, टेफ्लॉन टेप आणि हातमोजे. वहीत नाव लिहून पेटी न्यायची आणि काम झालं की परत आणायची. पहिल्यांदा अंगणवाडीचा किंवा शाळेचा गळका नळ सगळ्या मिळून दुरुस्त करा. एकीने धरावं, दुसरीने फिरवावं, बाकीच्यांनी बघून शिकावं.