‘नववीतच ही गत, कॉलेजात कोण घेणार?’

(सप्टेंबर २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातील महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मला मुलींच्या शिक्षणावर बोलायला सांगितलं आहे. या विषयावर आपण सगळ्यांनीच भाषणं केली आहेत, सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालून टाळ्याही घेतल्या आहेत. आज मी तेवढं मोठं काही बोलणार नाही. मी नववीच्या प्रगतिपुस्तकाबद्दल बोलणार आहे. हो, तेच चार पानांचं, ज्याच्यावर आपण अंगठा किंवा सही करतो आणि फळीवर ठेवून देतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये, २०२४ साली, आमच्या गटातली एक बाई दुपारची माझ्याकडे आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुलीचं प्रगतिपुस्तक होतं. नववीत एकूण अडतीस टक्के, गणितात नापास, इंग्रजीत नापास. शाळेनं सांगितलेलं, दाखला काढून घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. आणि घरी नवरा म्हणत होता, ‘नववीतच ही गत, हिला कॉलेजात कोण घेणार? उगाच दोन वर्षं वाया घालवायची.’ स्थळ आलेलं होतं. मुलगा ऊसतोडीलाच जाणारा. नवीन जोडपं म्हणजे नवीन कोयता, आणि नव्या कोयत्याला मुकादम उचल देतो, हे इथं बसलेल्या कुणाला मी समजावून सांगायची गरज नाही.

मला त्या बाईचं एक वाक्य लागलं. ती म्हणाली, ‘ताई, लग्न नको हे मलाबी कळतंय. पण त्यांच्या बोलण्याला मला उत्तर देता येईना. खरंच कुणी घेणार नसंल तर?’

म्हणजे बघा, तिला हुंड्याविरुद्ध बोलता येत होतं, बालविवाहाचा २००६ चा कायदा तिला ठाऊक होता, आपल्याच शिबिरात शिकलेली. पण ‘कॉलेजात कोण घेणार’ या साध्या प्रश्नापुढे ती गप्प झाली. आणि खरं सांगते, मी सोडून आमच्या गटातल्या बाकीच्यांनाही त्याचं नेमकं उत्तर माहीत नव्हतं. मला होतं, कारण मी स्वतः नववी नापास आहे.

हसू नका. १९८१-८२ साली मी नववीत होते. दुसऱ्या सहामाहीत आईचं बाळंतपण आलं आणि तिला उठता येईना. तीन भावंडं, पाणी, भाकरी, सगळं माझ्यावर. शाळेत जायचे तेव्हा तिसरा तास चालू असायचा. गणितात मला सोळा गुण पडले. थोरला भाऊ त्याच वर्षी दहावीत नापास झाला, त्याला मामाकडे ठेवून क्लास लावला. मला म्हशी लावल्या. दोन वर्षं मी घरी होते. मग शाळेतल्या एका बाईंनी माझ्या वडिलांना गाठून मला बाहेरून दहावीला बसवलं आणि १९८५ साली मी चव्वेचाळीस टक्क्यांनी पास झाले.

अकरावीला नाव घालायला तालुक्याला गेले तेव्हा मी नववीचं प्रगतिपुस्तक बरोबर नेलं होतं. मनात पक्कं होतं की विचारणारच. आई आजारी होती, असं उत्तर मी एसटीत बसून पाठ केलं होतं, दोन-तीन वेळा पुटपुटूनही पाहिलं होतं. खिडकीवरच्या कारकुनानं दहावीची गुणपत्रिका घेतली, शाळा सोडल्याचा दाखला घेतला, पावती फाडली आणि ‘पुढचा’ म्हणाला. मी तिथंच उभी. मला वाटलं, ह्यांच्याकडून काहीतरी राहिलंय! नववीचं कुणी विचारलंच नाही. त्यानंतर बी. ए. झाले, नोकरी केली, पण आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

तर त्या बाईला मी सांगितलं ते हे. आपल्या राज्यात अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. पदवीचा प्रवेश बारावीच्या गुणांवर, किंवा इंजिनिअरिंग-फार्मसीसारखं असेल तर सीईटीवर. नववीचे गुण या कुठल्याही यादीत धरले जात नाहीत. ते फक्त दोन ठिकाणी वाचले जातात, शाळेच्या ऑफिसात आणि घरात. कॉलेजचं दार बंद करायचा अधिकार त्या कागदाला नाही. तो अधिकार आपण घरातल्या पुरुषांच्या हातात दिला आहे, आणि तो कागद त्यांना निमित्त म्हणून पुरतो.

शाळा कशाला वाचते? दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा आहे. १ एप्रिल २०१० पासून आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही, काढायचं नाही असा नियम होता. पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आली ती २०२३ नंतर, पण आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता आजही येत नाही. नववीत मात्र हा कायदा संपतो. त्यामुळे जी मुलगी सहावीपासून कच्ची राहत आली तिला आपण कच्चे आहोत हे पहिल्यांदा नववीत कळतं, आणि कळतं त्याच दिवशी हातात दाखला पडतो. सतरा नंबरचा फॉर्म मुळात शाळा सुटलेल्यांनी परत यावं म्हणून आहे. शाळेतल्या मुलीला बाहेर घालवायला तो वापरला जातो तेव्हा मला फार संताप येतो. मी त्याच फॉर्मनं वर आले, म्हणून जास्तच.

आम्ही तिघीजणी त्यांच्या घरी गेलो. मी आधी गुणांचं पान उघडलं नाही, हजेरीचं उघडलं. जून ते ऑक्टोबर मुलगी जवळजवळ रोज शाळेत. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत महिन्याला आठ दिवस, नऊ दिवस, एका महिन्यात चार. मी बापाला विचारलं, ‘दादा, या महिन्यांत तुम्ही कुठं होता?’ तो म्हणाला, ‘कारखान्यावर.’ ‘आणि घरी कोण होतं?’ म्हातारी आणि ही. दोन धाकटे भाऊ. त्यांची हजेरीही आम्ही मागवून पाहिली. ती पूर्ण होती, कारण डबा करून त्यांना शाळेत पाठवणारी घरात होती. बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘ताई, तुमचं खरंय. पण वयात आलेली पोर मागं ठेवून जायचं म्हणजे जिवाला घोर असतो.’ हा घोर खोटा नाही, हे आपण कबूल केलं पाहिजे. बाप वाईट आहे असं म्हणून आपलं काम सोपं होत नाही.

शाळेत मुख्याध्यापक आधी ऐकेनात. आम्ही लेखी अर्ज दिला, पोच मागितली, आणि विचारलं की दोन विषयांची पुनर्परीक्षा घेणार की नाही, ते लेखी कळवा. लेखी म्हटल्यावर बरंच काही हलतं. परीक्षा झाली, मुलगी दहावीत बसली. त्या वर्षी आई ऊसतोडीला गेली नाही. एका कोयत्याची उचल गेली, कर्ज वाढलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या अहवालांत ‘मुलीला शिक्षणाच्या प्रवाहात आणले’ एवढंच छापून येतं, त्याची किंमत कुणी मोजली ते येत नाही. मे २०२५ मध्ये निकाल लागला. मुलीला एक्कावन्न टक्के पडले.

आता खोटी आशाही दाखवायची नाही. पन्नास टक्क्यांना पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजात विज्ञान मिळत नाही, तिथल्या याद्या नव्वदीच्या पुढे थांबतात. कला किंवा वाणिज्य घेतलं की डॉक्टरकीची वाट जवळजवळ बंद होते, हे मुलीला आधी सांगा, नंतर नाही. पण बाकीचं फारसं काही बंद होत नाही. यंदा, २०२५ पासून, सगळ्या राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. फॉर्ममध्ये दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येते. बायका एकच जवळचं नाव टाकतात आणि नाही लागलं की घरी बसवतात. नावं भरपूर टाका, पण एसटी जाते तिथलीच टाका. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत बसता येतं. फेरपरीक्षा २०१५ पासून त्याच पावसाळ्यात होते, पूर्वीसारखी ऑक्टोबरची वाट पाहावी लागत नाही. गणित आणि विज्ञान मिळून सत्तर गुण आणि प्रत्येकात कमीत कमी पंचवीस, म्हणजे गणितात सत्तावीस पडलेली मुलगीही विज्ञानाच्या जोरावर निघू शकते. हे कितीजणींना माहीत होतं? हात वर करा. बघा.

ज्यांना लवकर हाताला काम हवं त्यांच्यासाठी आयटीआय आहे, काही ट्रेड तर दहावी नापासलाही मिळतात. शिवणकामाच्या पुढेही बघा, वायरमन, वेल्डर मुलींनी का होऊ नये? दहावी पास झालेलीला पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका करता येते, आणि ती चांगली झाली तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. अकरावी-बारावीच्या शर्यतीत न उतरता इंजिनिअर होण्याची ही वाट गरीब घरच्या मुलांनी कधीच शोधली आहे, मुलींना मात्र कुणी दाखवत नाही. नर्सिंगचे एएनएम, जीएनएम हे कोर्स बारावीनंतर आहेत, त्यांना विज्ञान शाखाच हवी असं नाही. बारावीला पंचेचाळीस टक्के असतील तर वकिलीच्या पाच वर्षांच्या कोर्सची सीईटी देता येते. म्हणजे बारावीला पुन्हा पाटी कोरी होते. दहावीचे एक्कावन्न तिथं धरत नाहीत.

पैशाचं थोडक्यात. बारावीपर्यंत मुलींना फी माफ आहे, तरी ‘इतर शुल्क’ म्हणून घेतात, पावती मागा. जुलै २०२४ च्या निर्णयानं व्यावसायिक कोर्सला ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून घेतलेला हवा. एजंटाकडून घेतलेला प्रवेश यात बसत नाही. एजंट नेमकं हेच सांगत नाहीत.

एक गोष्ट मी टाळत होते, पण सांगते. त्याच वस्तीत दुसरी एक मुलगी होती, तिलाही नववीत असेच गुण. तिच्या आईला वाटलं निकाल वाईट आहे तर कुणाला दाखवायचा कशाला. लाजेनं तिनं प्रगतिपुस्तक पत्र्याच्या पेटीत ठेवलं. आम्हाला कळलं तेव्हा हळद लागून चार दिवस झाले होते. मुलगी सोळा वर्षांची. आम्ही बैठका घेत होतो, तिची आई बैठकीला येत होती, आणि तरी आम्हाला कळलं नाही. कारण आम्ही बैठकीत कधी विचारलंच नव्हतं की कुणाची मुलगी नववीत आहे. पुढच्या वर्षापासून एप्रिल-मेच्या बैठकीत आधी हा प्रश्न घ्यायचा, असं आम्ही ठरवलं आहे. बचतीचा हिशेब नंतर.

पहिली मुलगी आता अकरावीत आहे, वाणिज्य शाखेत, पसंतीतल्या तिसऱ्या कॉलेजात. एसटी सकाळी सव्वासातला आहे. तिनं मला विचारलं, ‘आज्जी, नववीचं पुस्तक फेकून देऊ का?’ मी म्हटलं, ठेव, हजेरीचं पान कामाला येईल. कारण दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. आई यंदाही थांबली तर गेल्या वर्षीची उचल फिटणार नाही, आणि गेली तर सव्वासातच्या आधी दोन डबे आणि म्हातारीचं अंथरूण पुन्हा हिच्याकडेच. हंगामी वसतिगृहात दोन्ही भावांची सोय होते का हे विचारायला आम्ही परवा शाळेत जातोय. म्हातारीचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही. कुणाच्या वस्तीवर असं काही केलं असेल तर चहाच्या वेळी मला सांगा. आणि ज्यांनी प्रगतिपुस्तकं आणली आहेत त्यांनी ती आत्ता बाहेर काढा, पेटीत ठेवू नका.