रहिवासी दाखला



मार्कंड्याहून चामोर्शी, घोट, मुलचेरा असा रस्ता धरला की विकासपल्ली, सुभाषग्राम, सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावं लागू लागतात. 1960 च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारनं इथं वसवलं. त्यांतल्याच एका घरातला मी. तेव्हा हा सगळा चांदा जिल्हा होता. गडचिरोली 1982 साली वेगळा झाला.

सरकारनं जमीन दिली. पण कुठल्या बोडीचं पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकतं, तापाच्या माणसाला कुठं न्यायचं, हे सांगितलं शेजारच्या गोंड आणि माडिया गावांनी. त्यांच्या जंगलात झाडं तोडून आमच्या धानाच्या बांध्या झाल्या. हे न सांगता आमच्या कष्टांची गोष्ट सांगणं मला खोटं वाटतं.

1978 साली आमच्यासारखेच दंडकारण्यात वसवलेले हजारो निर्वासित मिळालेली जमीन सोडून सुंदरबनात, मरीचझापी बेटावर गेले. पुढच्याच वर्षी बळ वापरून त्यांना तिथून उठवलं गेलं. त्यात माणसं मेली. सातबारा हाती आला म्हणजे माणूस वसला, असं तेव्हापासून मी मानत नाही. कचेरीत त्याचं म्हणणं ऐकणारा कोणीतरी लागतो. म्हणून मी आधी ग्रामपंचायतीत आणि मग पंचायत समितीत गेलो.

लोक माझ्याकडे रस्ता, नाली मागायला येत, त्याहून जास्त कागदासाठी येत. आमच्यात नमशूद्र पुष्कळ. पश्चिम बंगालात ही जात अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. मुलगी हुशार, पण जातीचा दाखला नाही, म्हणून अनुसूचित जातीच्या सवलतीही नाहीत. वनजमिनीचा हक्क हवा, तर वनहक्क कायद्यानुसार बिगर-आदिवासीला डिसेंबर 2005 च्या आधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. साठच्या दशकात आलेल्यानं तो कुठून आणायचा? तरीही त्याच कायद्यानं 2009 साली मेंढा-लेखा या गोंड गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ज्यांनी आम्हाला जागा दिली, त्यांचा हक्क आधी.

आता कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे. परप्रांतातले मजूर बायकापोरांसह येतात. त्यांचं रेशनकार्ड गावाकडचं. ते इथल्या दुकानातही चालतं, ही सोय 2019 पासून टप्प्याटप्प्यानं देशभर झाली. मजुराला मात्र ते कोणी सांगितलेलं नसतं. वयाचा पुरावा नाही म्हणून पोराला शाळेतून परत पाठवतात. शिक्षणहक्क कायद्यात तसं करायला मनाई आहे. एका शाळेत मी ते कलम मोठ्यानं वाचून दाखवलं आणि त्याच दिवशी मुलाचं नाव दाखल झालं.

तुम्हा स्नातकांमधले कितीतरी जण तलाठी होतील, ग्रामसेवक होतील, शाळेत किंवा सेवा केंद्रात बसतील. ‘उद्या या’ म्हणताना समोरच्याची एक दिवसाची मजुरी बुडते, हे ध्यानात असू द्या. एक कागद कमी असेल, तर त्याऐवजी दुसरा कुठला चालतो ते शोधून द्या. ते नियमांतच लिहिलेलं असतं; वाचायला वेळ काढावा लागतो.

आम्ही काही जण चामोर्शीत बसून अशा लोकांचे अर्ज भरून देतो. मराठी, हिंदी, बंगाली येणारे आहेत. गोंडी, तेलुगू आणि छत्तीसगढी बोलणारे कमी पडतात. ज्यांना येतं, त्यांनी आज जाण्याआधी मला भेटा.